माफी मागितली, जमीन ठेवून घेतली

२३ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका ठरावावर सही केली. हवाई बेटांवरचं राज्य उलथवून टाकल्याला त्या वर्षी जानेवारीत शंभर वर्षं झाली होती, आणि त्याबद्दल तिथल्या मूळ रहिवाशांची माफी मागणारा तो ठराव होता. कबुली सविस्तर आहे. अमेरिकेच्या राजदूतानं कटवाल्यांना साथ कशी दिली, आरमाराचे सैनिक कसे उतरले, राणीनं काय लिहून दिलं, सगळं तारीखवार मांडलंय. मूळ हवाईयन लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क कधीच थेट सोडलेला नाही, असंही त्यात म्हटलंय. आणि अगदी शेवटी एक वाक्य आहे: या ठरावामुळे अमेरिकेवरचा कोणताही दावा मिटला असं समजू नये.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय. दावा मिटलेला नाही, असं इथे खुद्द देणेकऱ्यानंच लिहून दिलंय. मग तीस वर्षं उलटून गेली तरी तो मिटवायला कुणी बसलं का नाही? माझं म्हणणं सरळ आहे. हवाईच्या बाबतीत माफीचा विषय झालाय, आता जमिनीचा विषय बोलायला हवा. हे मी मराठीत लिहितेय यालाही कारण आहे. त्या जमिनीच्या एका तुकड्याशी पुण्याचा संबंध आलेला आहे. त्याकडे येतेच. पण राज्य गेलं कसं हे नीट माहीत नसेल तर त्या तुकड्यावरचं भांडण म्हणजे काही लोकांचा विज्ञानविरोधी हट्ट वाटतो, म्हणून आधी ते.

हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात समुद्रकिनारे, गळ्यातल्या फुलांच्या माळा आणि हनिमूनची पॅकेजेस. तिथे एक राज्य होतं आणि जगानं ते मान्य केलेलं होतं, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. कामेहामेहा राजानं १८१० पर्यंत सगळी बेटं एका अमलाखाली आणली. १८४० मध्ये लिखित राज्यघटना आली. २८ नोव्हेंबर १८४३ रोजी ब्रिटन आणि फ्रान्सनं संयुक्त जाहीरनामा काढून हवाईचं स्वातंत्र्य मान्य केलं. आपल्याकडे पेशवाई बुडून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती आणि साताऱ्याची गादी खालसा व्हायला पाच वर्षं उरली होती. हवाईयन भाषेत वर्तमानपत्रं निघत, आणि ती वाचणारे लोक गावोगाव होते. होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे व्हाइट हाउसच्या आधी लागले.

१८८१ मध्ये राजा कालाकाउआ जगप्रवासाला निघाला. गादीवर असताना पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला राजा. जपानमध्ये त्यानं सम्राटापुढे आशियातल्या राष्ट्रांनी एकजूट करावी अशी कल्पना मांडली. पुढे सयाम, ब्रह्मदेश करत तो कलकत्त्याला आला, तिथून आगगाडीनं मुंबईला, आणि मुंबईहून बोटीनं इजिप्तकडे गेला. जाईल तिथे तो आपल्या बेटांवर येऊन राहतील, कामं करतील अशी माणसं मिळतात का पाहत होता. कारण त्याची स्वतःची माणसं संपत चालली होती. १७७८ मध्ये कॅप्टन कुक पहिल्यांदा तिथे पोचला, तेव्हा बेटांवर कमीत कमी तीन लाख लोक असावेत असा अंदाज आहे. काही अभ्यासक याच्या दुप्पट आकडा धरतात. १८९० च्या जनगणनेत मूळ हवाईयन उरले होते सुमारे ४०,०००. गोवर, देवी, फ्लू, गुप्तरोग. बाहेरून आलेल्या प्रत्येक रोगानं गावंच्या गावं रिकामी केली.

माणसं कमी होत असतानाच जमीनही हातची गेली. पूर्वी तिथे जमिनीची खाजगी मालकी नव्हती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत येणारी एकेक पट्टी असे, तिला आहुपुआआ म्हणत. वर जंगल, मधे तारोची, म्हणजे अळूची शेतं, खाली मासे. एका पट्टीतल्या लोकांची गरज त्या पट्टीतच भागे. १८४८ मध्ये राजानं आणि सरदारांनी जमिनीची वाटणी केली, आणि १८५० मध्ये परदेशी माणसांना जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली. सामान्य रयतेच्या पदरात एकूण जमिनीचा एक टक्काही पडला नाही. ही चूक राजघराण्याची होती, ती मी झाकणार नाही. मिशनऱ्यांमधून आलेल्या सल्लागारांनी त्यांना पटवलं होतं की कागदावर मालकी असेल तर उद्या एखाद्या परक्या सत्तेनं राज्य घेतलं तरी जमीन वाचेल.

मग साखर आली. १८७५ च्या करारानं हवाईच्या साखरेवरची अमेरिकेतली जकात उठली, आणि पंधरा वर्षांत साखरेची निर्यात जवळपास दसपट झाली. साखरेभोवती पैसा आणि पैशाभोवती सत्ता कशी गोळा होते, हे पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मळेवाले, त्यांचे वकील, त्यांचे अडते यांतले बरेच जण १८२० नंतर बॉस्टनहून आलेल्या मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं होती. जुलै १८८७ मध्ये याच मंडळींनी आपलं हत्यारबंद पथक उभं करून कालाकाउआकडून नव्या घटनेवर सही करून घेतली. लोक तिला आजही बेयोनेट घटना म्हणतात, संगिनीच्या टोकावर लिहिलेली. राजाचे अधिकार गेले. वरच्या सभागृहासाठी मत द्यायचं तर ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलरचं उत्पन्न हवं. आशियाई मजुरांना मतच नाही. उलट अमेरिकन आणि युरोपीय रहिवाशांना नागरिकत्व न घेताही मत. ज्यांचा देश, त्यांच्यातल्याच बहुतेकांना त्या सभागृहापुरतं दाराबाहेर बसवलं. त्याच वर्षी पर्ल हार्बरचा वापर करण्याचा एकाधिकार अमेरिकेला मिळाला.

१८९१ मध्ये कालाकाउआ वारला आणि त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. अमेरिकेनं १८९० मध्येच सगळ्या परदेशी कच्च्या साखरेवरची जकात उठवून आपल्या देशातल्या साखरेला पौंडामागे दोन सेंट अनुदान द्यायला सुरुवात केली होती. हवाईच्या साखरेचा फायदा एका फटक्यात गेला. अमेरिकेत सामील झालं तर ते अनुदान आपल्यालाही मिळेल, हे गणित होनोलुलूत अनेकांच्या डोक्यात होतं. सगळ्याच साखरवाल्यांच्या नव्हे. सर्वांत मोठा साखरसम्राट क्लॉस स्प्रेकल्स विलीनीकरणाच्या विरोधात होता, कारण अमेरिकन कायदा लागू झाला तर करारावर बांधून आणलेले मजूर ठेवता आले नसते. पण लॉरिन थर्स्टनसारख्या वकिलांनी विलीनीकरण करायचंच असं ठरवलं होतं.

राणीकडे नव्या घटनेची मागणी करणारे अर्ज येत होते. नोंदलेल्या साधारण ९,५०० मतदारांपैकी ६,५०० जणांनी त्यावर सह्या केल्या होत्या. १४ जानेवारी १८९३, शनिवारी, तिनं नवी घटना जाहीर करायचं ठरवलं. तिच्याच मंत्र्यांनी सही करायला नकार दिला आणि तिनं ते पुढे ढकललं. सोमवारी तिनं लेखी जाहीरही केलं की बदल होतील ते चालू घटनेत सांगितलेल्या मार्गानंच. म्हणजे ज्या 'घटनाभंगा'चं कारण पुढे करून राज्य उलथवलं, तो झालेलाच नव्हता. तरीही त्याच सोमवारी संध्याकाळी बंदरात उभ्या असलेल्या बॉस्टन नावाच्या अमेरिकन युद्धनौकेवरून १६२ सैनिक खाली उतरले. राजदूत जॉन स्टीव्हन्स यांनी त्यांना बोलावलं होतं, अमेरिकन नागरिकांच्या जीविताचं रक्षण करायला म्हणून. अमेरिकन लोक राहत होते शहराच्या दुसऱ्या भागांत. सैनिकांचा तळ पडला राजवाडा आणि सरकारी कचेरी यांच्या अगदी जवळ. नागरिकांच्या रक्षणासाठी ती जागा चुकीची होती, असं नंतर अमेरिकेच्याच एका आरमारी अधिकाऱ्यानं चौकशीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कटवाल्यांच्या तेरा जणांच्या समितीच्या वतीनं सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर एक जाहीरनामा वाचला गेला. ऐकायला फारसं कुणी नव्हतं. राजवाडा आणि पोलीस ठाणं अजून राणीच्या ताब्यात असतानाच स्टीव्हन्स यांनी नव्या सरकारला मान्यता देऊन टाकली. प्रमुखपद मिशनऱ्याचा मुलगा आणि तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश सॅनफर्ड डोल याच्याकडे गेलं. (पुढे नात्यातल्याच जेम्स डोलनं १९०१ मध्ये अननसाची कंपनी काढली, सुपरमार्केटमधल्या डब्यांवर दिसतं ते हेच आडनाव.) काही दिवसांनी स्टीव्हन्स यांनी वॉशिंग्टनला कळवलं की हवाईचं फळ आता पूर्ण पिकलंय, तोडायची हीच सोन्यासारखी वेळ आहे.

राणीनं त्या दिवशी जे लिहून दिलं त्यावर मला थांबायचंय. तिनं राज्य त्या तेरा जणांच्या स्वाधीन केलं नाही. तिनं लिहिलं की रक्तपात टाळण्यासाठी मी अमेरिकेच्या वरचढ बळापुढे माघार घेतेय, आणि तीही अमेरिकेचं सरकार खरी हकीकत समजून घेऊन आपल्या प्रतिनिधीची कृती रद्द करेल आणि मला परत गादीवर बसवेल तोपर्यंत. अनेकांना हा भाबडेपणा वाटतो. मला वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी अगदी हेच घडलं होतं. फेब्रुवारी १८४३ मध्ये एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं तोफांच्या धाकानं बेटं ताब्यात घेतली. तेव्हाच्या राजानं निषेध नोंदवून राज्य तात्पुरतं सोडलं, लंडनकडे दाद मागितली, आणि ३१ जुलैला ब्रिटिश अ‍ॅडमिरलनं स्वतः येऊन ब्रिटिश झेंडा उतरवला आणि राज्य परत केलं. लिलिउओकलानी तेव्हा चार वर्षांची होती. मोठी सत्ता आपल्या माणसाची चूक मान्य करून घेतलेलं परत देऊ शकते, हे तिच्या घराण्यानं पाहिलेलं होतं. तिनं कायदा आणि पूर्वीचा दाखला दोन्ही धरून शब्द निवडले होते.

आणि सुरुवातीला तिचं बरोबर ठरतंय असंच दिसत होतं. अमेरिकेचे नवे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी डोलच्या सरकारशी आधी झालेला विलीनीकरणाचा करार मागे घेतला, जेम्स ब्लाउंट यांना चौकशीला पाठवलं, आणि १८ डिसेंबर १८९३ रोजी संसदेला सांगितलं की एका दुबळ्या पण मित्र आणि विश्वासू राष्ट्राचं सरकार युद्धाच्या कृतीनं उलथवलं गेलंय, आणि ही आपल्या हातून झालेली चूक आपणच दुरुस्त करायला हवी. आधी कटवाल्यांना माफी द्यायला राणी तयार नव्हती. नंतर तीही तयार झाली. डोलच्या सरकारनं मात्र राज्य परत द्यायला साफ नकार दिला. क्लीव्हलँड यांनी प्रश्न संसदेवर सोपवला आणि संसद गप्प बसली. ब्रिटननं १८४३ मध्ये पाच महिन्यांत जे केलं, ते अमेरिकेला आजवर जमलेलं नाही.

इओलानी राजवाडा आज पाहता येतो. फरशी खराब होऊ नये म्हणून आत जाताना चपला-बुटांवर कापडी पिशव्या चढवायला देतात. वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यातली खोली बाकी दालनांच्या मानानं उघडीबोडकी आहे. जानेवारी १८९५ मध्ये राणीच्या बाजूनं झालेला उठाव फसला आणि तिला याच खोलीत कैदेत ठेवलं. पकडलेल्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून तिनं गादीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. तिच्याच जुन्या दरबारात लष्करी न्यायालय भरलं. आरोप होता, उठाव होणार हे माहीत असून सांगितलं नाही. शिक्षा, पाच वर्षं सक्तमजुरी आणि ५,००० डॉलर दंड. प्रत्यक्षात तिला त्या खोलीत साधारण आठ महिने काढावे लागले. वर्तमानपत्र द्यायला बंदी होती. बागेतली फुलं यायची ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, आणि तो कागद ती उलगडून वाचायची.

त्या खोलीत काचेखाली एक गोधडी ठेवलीय. नीट चौकोनी ठिगळांची नाही. रेशमाचे, मखमलीचे, रिबिनींचे वेडेवाकडे तुकडे जसे हाताला लागले तसे जोडलेत आणि प्रत्येक सांध्यावर भरतकाम केलंय. सोबतीला राहिलेली बाई आणि राणी मिळून ते करत बसायच्या. मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे आहेत, अटकेची आणि सुटकेची तारीख आहे, आणि 'ही गोधडी आम्ही तिथे सुरू केली' असं टाक्यांनी लिहिलंय. गोधडी म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घरातल्या बायकांची जुनी लुगडी तिच्यात असतात, कुणाचं काय होतं ते बोट ठेवून सांगता येतं. मी त्या काचेसमोर उभी होते तेव्हा आजीच्या गोधडीवरून हात फिरवल्यासारखं वाटलं आणि बराच वेळ पुढे सरकवेना. राज्य गेलेल्या बाईनं आपल्या वतीची साक्ष सुईनं लिहून ठेवलीय, तारखांसकट.

दुसरी साक्ष कागदावर आहे आणि ती हजारोंची आहे. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा नवा करार झाला तेव्हा हुई आलोहा आयना या संघटनेच्या स्त्री-पुरुषांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या. आयना म्हणजे जमीन, माती. आलोहा आयना म्हणजे त्या मातीवरचं प्रेम. ५५६ पानं भरली, २१,२६९ सह्या झाल्या. तेव्हा मूळ हवाईयनांची संख्या होती चाळीस हजारांच्या आत, त्यात तान्ही मुलंही आली. म्हणजे निम्म्याहून अधिक समाजानं लिहून दिलं की आम्हाला हे नको. चार प्रतिनिधी हे गाठोडं घेऊन वॉशिंग्टनला गेले, सिनेटरांच्या दारोदार फिरले, आणि करार पडला. करार मंजूर व्हायला लागणारी दोन तृतीयांश मतं जमलीच नाहीत. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झालं, पॅसिफिकमध्ये तळ हवा झाला, आणि करार बाजूला ठेवून साध्या बहुमताच्या संसदीय ठरावानं हवाई खालसा केलं गेलं. ७ जुलै १८९८ ला अध्यक्ष मॅकिन्ले यांची सही झाली. १२ ऑगस्टला राजवाड्यासमोर झेंडा उतरवला तेव्हा राणी आणि तिचे नातेवाईक घरातच बसून राहिले. ती पानं वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यात पडून होती, ती १९९६ मध्ये एका हवाईयन संशोधिकेनं बाहेर काढली. त्यानंतर लोक प्रदर्शनात रांगा लावून पणजोबा-पणजीचं नाव शोधत होते. शाळेत त्यांना शिकवलं होतं की हवाईयनांनी विलीनीकरणाला फारसा विरोध केलाच नाही.

१८९८ च्या या ठरावानं १८ लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली. राजघराण्याची आणि सरकारची मिळून, बेटांच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांहून अधिक. मोबदला शून्य. राणीनं पुढे न्यायालयात राजघराण्याच्या जमिनीसाठी दावा लावला, तो १९१० मध्ये फेटाळला गेला. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं तेव्हा यातली बरीचशी जमीन राज्य सरकारकडे आली, पण ती विश्वस्त म्हणून. मूळ हवाईयनांचं भलं हा त्या विश्वस्त निधीच्या उद्देशांपैकी एक. आता १९९३ च्या माफीची किंमत पाहा. राज्य सरकारला यातली काही जमीन विकायची होती. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं माफीच्या ठरावाचा आधार घेऊन सांगितलं, मूळ रहिवाशांचा दावा मिटेपर्यंत विकू नका. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल एकमतानं फिरवला. ठरावाच्या प्रस्तावनेतल्या कबुलीमुळे कुणाला कुठलाही कायदेशीर हक्क मिळत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. संसदेनं मान्य केलेलं सत्य न्यायालयात टिकलं नाही, कारण संसदेनं ते टिकावं अशा तऱ्हेनं लिहिलंच नव्हतं.

याविरुद्ध जे सांगितलं जातं ते मला माहीत आहे. १९५९ मध्ये सार्वमत झालं आणि ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी राज्य व्हायला कौल दिला, हा पहिला मुद्दा. पण मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्याय नव्हता, आणि तोवर मूळ हवाईयन आपल्याच बेटांवर अल्पसंख्य झाले होते. दुसरं, कट करणाऱ्यांतले बरेच जण हवाईतच जन्मलेले होते, मग ही अंतर्गत क्रांतीच नाही का? ते १६२ सैनिक जहाजावरच राहिले असते तर या प्रश्नात दम होता. तिसरा मुद्दा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. आज तिथे जपानी, फिलिपिनो, चिनी, पोर्तुगीज मजुरांची चौथी-पाचवी पिढी राहते. त्यांनी कुणाचं काय चोरलं? काहीच नाही. म्हणूनच परतफेडीची सुरुवात कुणाच्या राहत्या घरापासून व्हायची गरज नाही. ती सुरुवात सरकारच्या आणि लष्कराच्या ताब्यातल्या जमिनीपासून होऊ शकते, कारण जी घेतली ती तीच जमीन आहे.

आणि हे होऊ शकतं याचा पुरावा काहोओलावे बेटावर आहे. अमेरिकन नौदलानं १९४१ पासून पन्नास वर्षं त्या अख्ख्या बेटावर बाँबफेकीचा सराव केला. सत्तरच्या दशकात हवाईयन तरुण होडीतून जाऊन बेटावर ठाण मांडू लागले. १९७७ मध्ये त्यांच्यातला जॉर्ज हेल्म समुद्रात गेला तो परत आलाच नाही. १९९० मध्ये बाँब थांबले, १९९४ मध्ये बेट राज्याकडे आलं, आणि कायद्यात लिहिलं गेलं की मूळ हवाईयनांची सार्वभौम संस्था मान्य होईल त्या दिवशी ते तिच्या हवाली करायचं. जमिनीत अजून न फुटलेले बाँब आहेत. तरी तिथे लोक जातात, माती धरून ठेवणारी झाडं लावतात. भाषेचंही तसंच. १८९६ च्या कायद्यानं शाळेतलं शिक्षण इंग्रजीत सक्तीचं झालं, हवाईयन बोललं की मुलांना शिक्षा होई. १९८० च्या सुमारास ती बोलणारी लहान मुलं पन्नासही नव्हती. मग पालकांनी १९८४ मध्ये पूनाना लेओ, म्हणजे आवाजाचं घरटं, नावाची बालवाडी काढली. आज त्या भाषेत पीएचडी करता येते.

आता पुण्याकडे येते. मौना केआ हा हवाई बेटावरचा ४,२०० मीटर उंचीचा डोंगर. त्याच्या माथ्यावर बर्फाची देवता राहते आणि आकाशपित्याशी त्याचं नातं आहे अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. बाळाची नाळ नेऊन वरच्या तळ्यात ठेवणारी घराणी आहेत. हा माथा त्याच १८ लाख एकरांतला. १९६८ मध्ये राज्य सरकारनं तो हवाई विद्यापीठाला वर्षाला एक डॉलर नाममात्र भाड्यानं ६५ वर्षांसाठी दिला. तेरा दुर्बिणी उभ्या राहिल्या. आता तिथे थर्टी मीटर टेलिस्कोप उभारायचीय. ४९२ तुकड्यांचा, तीस मीटर व्यासाचा आरसा. या प्रकल्पात भारत एक दशांशाचा भागीदार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१४ मध्ये त्यासाठी सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर केले, आणि भारताच्या बाजूनं बंगळूर आणि नैनितालच्या संस्थांबरोबर काम करतेय ती पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था.

आयुकाबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो कुठल्याही मराठी माणसाच्या मनात असतो. विज्ञान दिनाला तिथल्या आवारात पोरांची झुंबड उडते ते मी पाहिलंय. म्हणूनच हे लिहायला हवं. १७ जुलै २०१९ रोजी बांधकामाच्या गाड्या डोंगरावर जाऊ नयेत म्हणून वाटेत खुर्च्या टाकून आजी-आजोबा बसले होते. काहींच्या मांडीवर ब्लँकेट, काहींच्या हातात काठी. पोलिसांनी त्यांतल्या तिसांहून अधिक जणांना अटक केली, काहींना उचलून नेलं. त्यांनी एकही दगड उचलला नाही. तरुणांना त्यांनी बाजूला उभं राहून गाणी म्हणायला सांगितलं होतं.

या लोकांना तारे नकोत असं कुणी म्हणू नये. ताऱ्यांच्या खुणांवर हजारो मैल समुद्र ओलांडून त्यांचे पूर्वज ही बेटं शोधत आले. आणि १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकताना, पाहायला ब्रिटिश शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन होनोलुलूत आले तेव्हा कालाकाउआनं त्यांचं स्वागत केलं, जागा दिली. फरक परवानगीचा आहे. तेव्हा ज्यांची जमीन होती त्यांना विचारलं गेलं होतं. या वेळी विचारलं गेलं ते जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना. २०१८ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाचा परवाना कायम केला हे खरं आहे, परवाना कायदेशीर आहे. पण त्या जमिनीवरचा दावा मिटलेला नाही, हे अमेरिकेच्या संसदेनं स्वतः लिहून दिलंय.

भारत या प्रकल्पातून बाहेर पडावा असं माझं म्हणणं नाही. इतक्या वर्षांचं काम, इतक्या तरुण शास्त्रज्ञांची उमेद त्यात आहे. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर पर्यायी जागा २०१६ पासूनच निवडलेली आहे, आणि आजवर मौना केआवर तीस मीटरचा आरसा बसलेला नाही. भागीदाराला बैठकीत खुर्ची असते. ज्या देशानं संस्थानं, गाद्या, जमिनी खालसा होताना पाहिल्या, त्यानं त्या खुर्चीवरून एवढं म्हणावं: मूळ हवाईयनांच्या संमतीशिवाय आमचा पैसा त्या डोंगरावर लागणार नाही. पुण्यातल्या खगोलप्रेमींनी, विज्ञान परिषदांनी, आयुकाच्या व्याख्यानांना गर्दी करणाऱ्या आपण सगळ्यांनी हा प्रश्न जाहीरपणे विचारावा. मौना केआच्या पायथ्याशी पोहाकुलोआत अमेरिकन लष्कराला राज्य सरकारनं १९६४ मध्ये एक डॉलरवर दिलेल्या जमिनीचा पट्टा २०२९ मध्ये संपतो. विद्यापीठाकडे असलेल्या माथ्याचा पट्टा २०३३ मध्ये.